ब्रेकबाईचा पाय

दुसऱ्याच्या गाडीत ब्रेकबाईला कोणी पुढे बसवत नाही. तिची भाची म्हणते, "मावशीला मागे घ्या, नाहीतर गाडीच्या तळाला भोक पडेल." समोर कोणी आडवं आलं, सिग्नल पिवळा झाला, अगदी पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे नुसते लागले, तरी तिचा उजवा पाय आपोआप खाली जातो आणि जिथे काहीच नाही तिथे काहीतरी दाबतो. नणंदेच्या नव्या गाडीत तर तिने इतक्या जोरात पाय दाबला की चपलेचा अंगठा तुटला. नणंदेचा नवरा दुखावला. "वहिनी, माझ्यावर एवढा पण भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे," ती म्हणाली. "पण माझा पाय तुम्हाला ओळखत नाही."

ब्रेकबाई हे नाव तिला शिकायला येणाऱ्यांनीच दिलं. ती मोटार चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली असतात तसे क्लच आणि ब्रेक डावीकडच्या सीटखालीही बसवलेले असतात, आणि केबलने मूळच्या पायट्यांना, म्हणजे पेडलांना, जोडलेले असतात. शिकणारा घाबरला, विसरला, भलतंच काही दाबून बसला, तर गाडी थांबवायची ती डावीकडून. त्या डाव्या सीटवर बसून ब्रेकबाईचे केस पिकले. एका किराणा दुकानदाराने शिकून झाल्यावर सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, "गाडी मी चालवली असं लोकांना वाटायचं. हात माझे होते, पाय बाईंचे."

हा धंदा तिच्या सासऱ्यांनी सुरू केला. तिला गाडी शिकवली तीही त्यांनीच, आणि एक नियम घालून दिला. गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि चारही टायरांवर तळहात टेकवायचा. नुसतं बघायचं नाही, हात लावायचा. डोळ्याला जसं फसवता येतं तसं हाताला येत नाही, असं ते म्हणायचे. ब्रेकबाईने हा नियम शिकणाऱ्या प्रत्येकाला लावला. घाईत आलेल्या तरुण पोरी तोंड वाकडं करायच्या, साहेब लोक रुमालाने हात पुसायचे, पण फेरी मारल्याशिवाय किल्ली मिळायची नाही.

सासरे गेले तेव्हा घर थोरल्या मुलाकडे आलं, म्हणजे ब्रेकबाईच्या नवऱ्याकडे, आणि गाडी शिकवण्याचा धंदा धाकट्याकडे. नवऱ्याला छापखान्यात नोकरी होती, त्यामुळे वाटणी सगळ्यांना रास्त वाटली. डाव्या सीटवर बसणारी बाई कोणाच्या वाटणीत येते, हा प्रश्न कोणी काढला नाही. ती आदल्या दिवशी जिथे बसली होती तिथेच दुसऱ्या दिवशी बसली. फरक एवढाच, की आता पगार दिराच्या हातून यायचा.

दिराला ती भाऊजी म्हणते. भाऊजींना गाडी तिनेच शिकवली. चढावर गाडी मागे आली म्हणून ते रडकुंडीला आले होते, ते तिला आठवतं. त्यांना आठवत नाही. भाऊजींची जीभ गोड. "अहो वहिनी" म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही, आणि "अहो वहिनी" म्हटलं की पुढे काहीतरी नकार असणार हे तिला न सांगता कळतं.

गाडी पांढरी, लहान, पाच दारांची. धंद्यात आली तेव्हाच दुसऱ्याने वापरलेली होती. शिकवायच्या गाडीचं वय इतर गाड्यांसारखं मोजता येत नाही. साध्या गाडीला एक मालक असतो, फार तर त्याचा मुलगा. हिच्यावर अख्ख्या गावाने हात साफ केला. क्लचवर पाय ठेवून लोक गप्पा मारत बसायचे. तिसऱ्या गिअरऐवजी पहिला पडायचा आणि गाडी कण्हायची. स्टिअरिंगचं वरचं कव्हर घामाने गुळगुळीत झालं होतं. क्लचप्लेट बदलून वर्ष होत नाही तोवर पुन्हा वास यायला लागायचा. गॅरेजचा मिस्त्री म्हणायचा, "बाई, ही गाडी नाही, धर्मशाळा आहे. येतो तो लाथ मारून जातो."

तरी ती चालत होती, कारण ब्रेकबाई तिचं ऐकत होती. कुठून नवीन आवाज आला, कुठला पायटा जड झाला, हे तिला आधी कळायचं आणि ती मिस्त्रीला सांगायची. मिस्त्री भाऊजींना सांगायचा. भाऊजी म्हणायचे, "बघू पुढच्या महिन्यात." विम्याचंही तेच. शिकवायच्या गाडीचा विमा महाग पडतो. भाऊजींनी तो घरगुती वापराच्या गाडीचा काढला होता. ब्रेकबाईने एकदा विचारलं होतं. "अहो वहिनी, गाडी घरचीच नाही का आपल्या?" ते म्हणाले. वर हसलेही.

मग डावीकडच्या ब्रेकची केबल सैल पडायला लागली.

आधी पायटा थोडा खोल जायला लागला. मग पाय काढल्यावर तो सावकाश वर यायला लागला, झोपेतून उठवल्यासारखा. ब्रेकबाईने मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्रीने गाडीखाली जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की केबलच्या तारा एकेक करून तुटतायत, बदलायला हवी. तिने भाऊजींना सांगितलं. त्या आठवड्यात सांगितलं, पुढच्या आठवड्यात सांगितलं, आणि शेवटी मिस्त्रीला घेऊन त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. सुट्ट्यांचे दिवस होते, शिकणाऱ्यांची रांग लागली होती. "अहो वहिनी, तुम्हाला कशाला लागते केबल? तुम्ही नुसतं डोळे वटारले तरी गाडी थांबते," भाऊजी म्हणाले. मिस्त्रीला हसू आलं. ब्रेकबाईला आलं नाही, पण ती गाडीत जाऊन बसली. त्या दिवशी आपण का बसलो, हा राग तिचा स्वतःवर आहे, आणि तो सगळ्यात जुना आहे.

उतारावर, दवाखान्याच्या वळणाशी, प्लास्टिकच्या बादल्या विकणारा आपली हातगाडी घेऊन रस्ता ओलांडत होता. स्टिअरिंगवर निवृत्त पोस्टमास्तर होते. साठीनंतर गाडी शिकायची हौस, हात थरथरते, स्वभाव गरीब. ब्रेकबाई म्हणाली, "ब्रेक." पोस्टमास्तरांनी सगळ्या ताकदीनिशी अॅक्सिलेटर दाबला. तिचा पाय तोवर गेलेलाच होता. तो गेला आणि जातच राहिला, पार तळापर्यंत, दोर तुटलेली बादली विहिरीत जावी तसा. पायट्यात जीवच नव्हता.

डाव्या पायाने तिने क्लच दाबून इंजिन सोडवलं, उजव्या हाताने स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं आणि गाडी दवाखान्याच्या कुंपणभिंतीत घातली. डावा दिवा, डावा मडगार्ड, डावं चाक, सगळं भिंतीने खाल्लं. तिचा गुडघा समोर आपटला. पोस्टमास्तरांना खरचटलंही नाही. हातगाडीवाल्याने आपल्या बादल्या सरळ केल्या, तिच्याकडे रागाने पाहिलं आणि "शिकवता येत नाही तर रस्त्यावर येता कशाला?" असं म्हणून तो पुढे गेला. तिने त्याला काही सांगितलं नाही. जिवंत माणूस रागावला तर रागवू दे, असं तिला त्या क्षणी वाटलं. असं वाटण्याचा तो शेवटचा क्षण.

कारण संध्याकाळी घरी बैठक बसली. तिच्या गुडघ्याला शेकायची पिशवी बांधलेली, नवरा कोपऱ्यात, भाऊजी मधल्या खुर्चीत.

"अहो वहिनी, जरा डोकं वापरून बोलू," भाऊजी म्हणाले. "विमा घरगुती आहे. शिकाऊ माणूस चालवत होता म्हटलं तर कंपनी दमडी देणार नाही. उद्या सर्व्हेअर येईल. तो विचारेल, कोण चालवत होतं. तर तुम्ही चालवत होता. एकट्या. बाजारात निघाला होता."

"मी चालवत असते तर गाडी भिंतीवर गेली असती का?"

"ते आपल्याला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चष्मा पुसत होता. छापखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणारा माणूस. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "घरातली गोष्ट आहे. कोण विचारतंय नंतर?"

सर्व्हेअर यायच्या आधी मिस्त्रीने डावीकडचे पायटे काढले आणि भोकांवर मॅट टाकली. सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, पेन उघडलं आणि विचारलं, "ड्रायव्हर?" भाऊजींनी तिच्याकडे बोट केलं. सर्व्हेअर हसला. हसण्यात वाईट हेतू नव्हता, हेच वाईट होतं. "होतं असं," तो समजुतीने म्हणाला. "बायकांचं ब्रेकच्या जागी अॅक्सिलेटर होतं कधी कधी. घाबरायचं नाही. एखादा क्लास लावा." भाऊजी म्हणाले, "मी पण तेच म्हणतो त्यांना."

ब्रेकबाई मान खाली घालून उभी होती. बघणाऱ्याला वाटलं असेल, लाजली. ती मॅटकडे बघत होती.

विम्याचे पैसे आले. गाडी साखळी लावून ओढून सरळ केली, रंग मारला, चमकवली. आणि डावी सीट तिच्याकडून गेली. भाऊजींनी दुसरी एक गाडी भाड्याने घेतली, तिच्यावर एक तरुण मास्तर ठेवला, आणि ब्रेकबाईला टेबलाशी बसवलं. फोन आला की घ्यायचा, वेळा द्यायच्या. "अहो वहिनी, गुडघ्याला आराम पडेल." गुडघा कधीच बरा झाला होता.

टेबलाशी बसलं की सगळं ऐकू येतं. जुने शिकणारे कोणाला तरी घेऊन यायचे आणि विचारायचे, बाई का नाहीत गाडीवर? भाऊजी आवाज खाली आणायचे, पण पार्टिशन पातळ होतं. "काय आहे, वय होतं माणसाचं. त्या दिवशी पाय जरा उशिरा पडला त्यांचा. थोडक्यात निभावलं म्हणायचं." समोरचा चुकचुकायचा. जाताना टेबलाशी थांबून मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "काळजी घ्या हो बाई."

म्हणजे कंपनीला सांगायला ती एकटी गाडी चालवत होती आणि गावाला सांगायला ती डावीकडे बसली होती. दोन्हीकडे चूक तिचीच. एका अपघातात एक बाई दोन सीटवर बसून दोनदा चुकली. तिने हे नवऱ्याला असंच्या असं सांगितलं. नवरा म्हणाला, "अगं, पण जाऊ दे आता." ती म्हणाली, "तुझ्या छापखान्यात कोणी तुझ्या नावावर दुसऱ्याच्या चुका छापल्या तर?" तो म्हणाला, "चहा करू का?" तिला कप फेकावासा वाटला. तिने तो विसळून पालथा ठेवला, जरा जास्तच जोरात, आणि त्याचा कान तुटला.

तिने मिस्त्रीलाही गाठलं. जुनी केबल गॅरेजच्या खिळ्याला लटकत होती, टोकाला झाडूसारखी विस्कटलेली. "तू सांग ना लोकांना."

"बाई, मला विचारलं तर मी सांगेन," मिस्त्री म्हणाला. "पण मला कोण विचारतं?"

"गाडी तरी सरळ केलीस का नीट?"

"जेवढी व्हायची तेवढी केली. बाकी साहेबांना विचारा." आणि तो गाडीखाली सरकला. गाडीखाली गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

आणि मग एका सकाळी भाऊजी टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. एरवी ते उभ्यानेच बोलायचे.

"अहो वहिनी, पांढरीला गिऱ्हाईक आलंय. तुमचीच शिष्या आहे, ती लॅबवाली."

लॅबवाली म्हणजे तपासणी केंद्रातली बाई. पहाटेपासून घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं रक्त घेते, नळ्या डब्यात घालते, ऊन वाढायच्या आत पोचवते. स्कूटरवर कंबर धरली म्हणून गाडी शिकली होती, या पांढऱ्या गाडीवरच, ब्रेकबाईच्या हाताखाली. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "बाई, मी कोणाला मारणार तर नाही ना?" ब्रेकबाई म्हणाली होती, "सुई टोचताना विचारतेस का असं?"

"ती म्हणते, बाईंशी बोलल्याशिवाय घेणार नाही," भाऊजी म्हणाले. "तुम्ही जास्त काही बोलूच नका. नुसतं बरोबर बसा. तुम्ही बसलात यातच सगळं आलं. ही गेली की नवी कोरी आणतोय, डबल ब्रेकची. तिची डावी सीट तुमची. त्या पोराला काढतो. शब्द माझा."

ती काही बोलली नाही. भाऊजींनी ते होकारात धरलं, आणि खरं सांगायचं तर तो होकारच होता. ती डावी सीट तिला हवी होती. दुसरं काही नको होतं. पुन्हा एकदा तिथे बसावं, गावाच्या मधोमध गाडी थांबवून दाखवावी, आणि लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघावं की हा पाय उशिरा पडत नाही. तिने मनाशी तडजोड केली. आपण खोटं बोलायचं नाही. पण विचारल्याशिवाय खरंही बोलायचं नाही. गाडी दुरुस्त झालीच आहे. भिंतीला लागलेल्या गाड्या जगात विकल्या जात नाहीत का?

लॅबवाली ठरल्या वेळी आली, पांढरा कोट पिशवीत कोंबलेला. "बाई, तुम्ही सांगाल तर मी डोळे मिटून घेते."

"डोळे मिटून गाडी घेऊ नये," ब्रेकबाई म्हणाली. "चालवू तर नयेच."

"कुठे लागली-बिगली नाही ना?" हे तिने भाऊजींना विचारलं.

"छे हो. शिकवणी बंद केल्यापासून घरातच. बाईमाणसाने जपून वापरलेली." भाऊजींनी ब्रेकबाईकडे हात केला, जणू तीच पुरावा. ब्रेकबाई गप्प राहिली. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत ती गप्प राहिली, आणि नंतरही.

भाऊजी किल्ली पुढे करत होते, पण लॅबवालीने ती घेतली नाही. ती गाडीभोवती फेरी मारायला लागली. डावीकडून सुरुवात, मागून वळसा, प्रत्येक टायरवर तळहात. शिकवलं होतं तसंच. उजवीकडच्या पुढच्या टायरशी ती थांबली.

"बाई, ह्यात हवा कमी वाटते."

"रात्रभर उभी आहे ना, बसली असेल," भाऊजी घाईने म्हणाले.

ब्रेकबाई पुढे गेली आणि तिने हात लावला. मग डाव्या टायरला लावला. पुन्हा उजव्याला. आणि तिच्या लक्षात आलं. ही हवा आपोआप गेलेली नव्हती. ज्या गाडीचा सांगाडाच डावीकडे वाकलाय, ती डावीकडे ओढते. ते लपवायचं तर उजव्या चाकातली हवा थोडी काढायची, म्हणजे गाडी तेवढीच उजवीकडे ओढली जाते आणि दोन्ही ओढी मिळून गाडी सरळ जाते. गिऱ्हाइकाला चक्कर मारून आणण्यापुरती. पुढे कुठल्या तरी पंपावर कोणीतरी इमानाने हवा भरतो, आणि मग कधीतरी घाईत ब्रेक लागतो. पहाटेचा रस्ता, रक्ताच्या नळ्या, डाव्या बाजूने चालणारी माणसं.

तिचा हात अजून टायरवर होता. सासऱ्यांनी ठेवायला शिकवला होता तसा. त्यांच्या ह्या धाकट्या मुलाने फेरी कधी मारली नव्हती, पण फेरी मारणाऱ्याला फसवायचं कसं तेवढं मात्र तो शिकला होता. तिने हात टायरवरून काढला.

"चला," ती म्हणाली. "मी डावीकडे बसते. भाऊजी, तुम्ही मागे."

"मी कशाला?"

"बसा."

लॅबवालीने गाडी काढली. पहिल्या कोपऱ्यावर ब्रेकबाई म्हणाली, "पंपावर घे."

"अहो वहिनी, पेट्रोल आहे भरपूर."

"हवा भरायचीये. नियम आहे आपला." पंपावरच्या माणसाने चारही चाकांत सारखी हवा भरली. भाऊजी खिडकीतून बाहेर बघत बसले. गाडी पुन्हा रस्त्याला लागली आणि लॅबवालीचे खांदे ताठ झाले. ती स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवत होती.

"बाई, ही डावीकडे जातेय."

"हो," ब्रेकबाई म्हणाली. "ते पुढे मैदान आहे ना, जिथे तुला ब्रेक शिकवला, तिथे घे."

"वहिनी, पुरे झालं. तिला ऑफिसला जायचं असेल," मागून आवाज आला. "अहो" गळालं होतं.

मैदान मोकळं होतं. एका टोकाला दोन कुत्री झोपलेली. "दुसरा टाक. तिसरा. थोडा वेग घे. मी म्हटलं की पूर्ण ताकदीने ब्रेक. स्टिअरिंग सरळ, हात सैल. लक्षात आहे?"

"आहे."

"थांब."

लॅबवालीने ब्रेक मारला. ब्रेकबाईचा पायही मॅटवर गेला, भोकाच्या जागी मॅट खड्ड्यात दबली. गाडी थांबायच्या ऐवजी आधी डावीकडे भिरभिरली, मागचा भाग फिरला, आणि जिकडून आली तिकडे तोंड करून उभी राहिली. धूळ खिडक्यांवरून पुढे गेली. कुत्री उठून भुंकायला लागली. भाऊजींचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" ते ओरडले. "असा ब्रेक मारतं का कोणी?"

"रस्त्यात पोर आडवं आलं की सगळेच मारतात," ब्रेकबाई म्हणाली. ती लॅबवालीकडे वळली. "ऐक. ही गाडी भिंतीला धडकलेली आहे. शिकाऊ माणूस चालवत होता, मी इथे होते. माझ्या ब्रेकची केबल तुटली होती. तुटणार म्हणून मी ह्यांना आधीच सांगितलं होतं. सांगाडा वाकलाय, तो लपवायला चाकातली हवा काढली होती. मघाशी तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

"केबल, केबल!" भाऊजी मागून कपाळ चोळत म्हणाले. "एक केबल घेऊन बसलीय बाई कधीची. सीझन होता तेव्हा. केबलसाठी गाडी गॅरेजला घातली असती तर आलेली गिऱ्हाइकं कुठे गेली असती? मला काय कळत नव्हतं तुटायला आलीये ते? वाटलं, काढेल महिनाभर. तुमचं काय, तुम्ही पगार घेऊन मोकळ्या."

ते थांबले. बाहेर कुत्री भुंकायची थांबली होती.

"ऐकलंस ना तू?" ब्रेकबाईने विचारलं.

"ऐकलं," लॅबवाली म्हणाली.

ब्रेकबाई उतरली. लॅबवालीही उतरली, आणि उतरताना गाडी बंद करून किल्ली तिने सीटवर ठेवली, जसं शिकवलं होतं. "भाऊजी, गाडी तुम्ही न्या," ब्रेकबाई खिडकीशी वाकून म्हणाली. "सावकाश न्या. डावीकडे ओढते. आणि त्या डाव्या सीटचा शब्द दिला होता तुम्ही, तो परत घ्या. त्या पोराला कामावर असू दे. फक्त त्याला सांगा, केबलवर लक्ष ठेव." दोघी मैदानातून चालत रस्त्यापर्यंत आल्या. मागे गाडी सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. भाऊजींना क्लच कधीच नीट जमला नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ब्रेकबाईचा राग मैदानात संपणारा नव्हता. ती विमा कंपनीच्या ऑफिसात गेली, एकटी, नवऱ्याला न सांगता. तोच सर्व्हेअर होता. त्याने तिला ओळखलं. "काय, लावला का क्लास?"

"गाडी मी चालवत नव्हते," ती म्हणाली. "ड्रायव्हर म्हणून माझं नाव आहे ते काढा. मी खोटं बोलले."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला. "बाई, बंद झालेलं प्रकरण आहे. पैसे मिळाले, गाडी झाली, तुम्ही सुखी, आम्ही सुखी. आता उकरलंत तर तुम्हीच अडकाल."

"अडकू दे."

"साहेबांशी बोलतो," तो म्हणाला. त्यानंतर ती दोनदा जाऊन आली. साहेब अजून भेटलेले नाहीत. ती पुन्हा जाणार आहे. हे ऐकून नवरा या खेपेला "जाऊ दे" म्हणाला नाही. त्याने चष्मा लावला आणि विचारलं, "मी येऊ बरोबर?" ती म्हणाली, "उशीर केलास. पण ये."

पांढरी गाडी दूरच्या कोणाला तरी विकली गेली. विकण्याआधी बरेच दिवस ती ऑफिससमोर उभी होती आणि मागच्या काचेवर कागद लावला होता. "एका बाईने जपून वापरलेली." ब्रेकबाई येता-जाता तो फाडायची. दुसऱ्या दिवशी नवा असायचा. मग एक दिवस गाडीच नव्हती, आणि कोणी घेतली ते मिस्त्रीने विचारूनही सांगितलं नाही. ती रस्त्यात पांढऱ्या लहान गाड्यांच्या डाव्या दिव्याकडे अजून बघते.

टेबलाशी ती परत गेली नाही. आता ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांना ती त्यांच्याच गाडीत शिकवते. ह्या गाड्यांना डावीकडे ब्रेक नसतो. तिचा एक हात कायम हँडब्रेकवर असतो आणि डोळे आधीपेक्षा जास्त लांब बघतात. पहिली गाडी लॅबवालीचीच होती. दोघींनी मिळून शोधली, ब्रेकबाईने चार ठिकाणी फेरी मारून तीन गाड्या नाकारल्या, विकणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि दोन-तीन परतही दिल्या.

परवा सकाळी बाजाराच्या रस्त्यावर एका फाटकातून पाण्याचा टँकर मागे-मागे येत एकदम बाहेर आला. लॅबवालीने ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली, टँकरच्या आधी बरीच. ब्रेकबाईचा उजवा पाय रिकाम्या मॅटमध्ये रुतलेला होता.

लॅबवालीने खाली पाहिलं. "बाई, इथे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे मला. वेळेवर पडला की नाही ते सांग."

लॅबवालीने टँकर जाऊ दिला. मग पहिला गिअर टाकला.

"पडला," ती म्हणाली. "माझ्या आधी पडला."